दोन रंगांत बसवा

पुण्याच्या जुन्या बाजारात पुस्तकांच्या ढिगाशी दोन प्रकारची माणसं दिसतात. एक पुस्तक उघडतात, लेखकाचं नाव बघतात, चार ओळी वाचतात आणि किंमत विचारतात. दुसरी पुस्तक हातभर लांब धरतात, मान जरा तिरकी करतात आणि नुसती बघत राहतात. मी दुसऱ्या प्रकारातला. बुधवारी नाहीतर रविवारी, नळाच्या तोट्या, बंद घड्याळं आणि जोडीदार हरवलेले बूट यांच्या शेजारी पोत्यावर पसरलेल्या १९५०-६० सालच्या दिवाळी अंकांपुढे मी उकिडवा बसतो आणि गुडघे कुरकुरायला लागले की उठतो. विक्रेत्याला माझी खोड आता पाठ झाली आहे. कव्हर फाटलेला अंक तो मला दाखवतच नाही. आतली निम्मी पानं गेलेला, पण कव्हर शाबूत असलेला अंक मात्र माझ्यासाठी बाजूला ठेवतो आणि त्याचे पैसे जास्त लावतो. धंदा म्हणून त्याचं बरोबरच आहे.

असाच एक अंक माझ्या टेबलावर आहे. फार गाजलेला नाही, चित्रकाराची सहीही कोपऱ्याच्या घडीत झिजून गेली आहे. कव्हरवर दिवा घेतलेली बाई. दिवाळी अंकावर दुसरं काय असणार? पण ती बाई जवळून बघण्यासारखी आहे. वापरलेली शाई दोनच रंगांची, पिवळी आणि निळी. साडी मात्र हिरवी दिसते, कारण तिथे पिवळ्यावर निळा चढवलाय. केस आणि रात्र गडद निळ्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. केस कुठे संपतात हे सांगायला फक्त कानाची एक रेघ. आणि दिव्याची ज्योत? ती कुठल्याच शाईत नाही. तिथे कागद कोरा सोडलाय. सगळ्या चित्रात सगळ्यात उजळ जागा छपाईच न झालेली! निळा ठसा केसभर सरकलाय, म्हणून गालाच्या एका कडेला पिवळ्याची बारीक कोर दिसते. ती चूकच आहे, पण ज्योतीच्या बाजूलाच पडली आहे, त्यामुळे गालावर उजेड पडल्यासारखा वाटतो. नशीब कधी कधी मशीनमनलाही साथ देतं.

त्या काळी प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. जस्ताच्या पत्र्यावर आम्लानं खोदलेला ब्लॉक करून आणायचा, मशीनवर चढवायचा, सगळ्या प्रती एकदा काढायच्या, वाळू द्यायच्या, मग दुसऱ्या रंगासाठी तोच कागद पुन्हा मशीनवर. रंग वाढला की ब्लॉकचा खर्च वाढला, छपाईची फेरी वाढली आणि रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसणं, चुकण्याची एक संधीही वाढली. म्हणून प्रकाशक चित्रकाराला सांगणार, तीन नकोत, दोन रंगांत बसवा. बिचाऱ्या चित्रकारानं त्यातून तिसरा आणि चौथा रंग काढायचा. मोठ्या आणि गाजलेल्या अंकांना जास्त रंग परवडत, हेही खरं. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, तो तर चित्रकारानं चालवलेला अंक. तिथे चित्र लाडाकोडात वाढणारच. रघुवीर मुळगांवकरांच्या गुळगुळीत कांतीच्या देवदेवता कॅलेंडरांवरून घरोघरी भिंतीवर गेल्या. त्या दोघांबद्दल पुष्कळ लिहून झालंय आणि ते रास्तच आहे. माझा जीव मात्र त्यांच्या आजूबाजूच्या, सही झिजलेल्या मंडळींत अडकतो. त्यांना दोनच रंग मिळत आणि बहुधा दोनच दिवस.

पण खरी गंमत चित्रात नाही, नावात आहे.

जुन्या मराठी कव्हरवरचं नाव हातानं काढलेलं आहे की खिळ्यांतून, म्हणजे छापखान्यातल्या शिशाच्या ओतीव अक्षरांतून, जुळवलेलं, हे ओळखायची सोपी खूण आहे. त्या नावात दोनदा आलेलं अक्षर शोधायचं. माझ्या टेबलावरच्या अंकाच्या नावात ‘र’ दोनदा येतो. पहिल्याचा पाय शेजारच्या कान्याखाली आरामात पसरलाय, दुसरा कडेला आल्यामुळे अंग चोरून उभा आहे. म्हणजे कुणीतरी ब्रश घेऊन, श्वास रोखून, हे नाव याच मापात आणि याच शब्दासाठी काढलंय. त्यातली वेलांटी चित्रातल्या बाईच्या पदराला समांतर जाते. पुढच्या वर्षी याच अंकाचं नाव वेगळ्या वळणात असेल, कारण पुढच्या वर्षी चित्र वेगळं आणि रिकामी जागाही वेगळी.

हे काही कलेच्या प्रेमापोटीच व्हायचं असं नाही. दुसरा इलाज नव्हता. रोमन लिपीचा एक संच मोजक्या अक्षरांत आणि चिन्हांत भागतो. देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, उकार मिळून एका मापाच्या एका वळणाचे कित्येक शे खिळे लागतात. प्रत्येक खिळ्याचा पंच पोलादात कोरायचा, त्यावरून मातृका, म्हणजे साचा, करायची, मग शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. एवढा खटाटोप करून सजावटीची वळणं पाडायला कोण बसणार? जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे, राणोजी रावजी आरूंनी कोरलेले खिळे इतके देखणे होते की पुढच्या कित्येक पिढ्यांची देवनागरी त्याच वळणावर वाढली. पण ते मजकुराचे खिळे. मथळ्यासाठी छापखान्याकडे असायचं काय? तेच अक्षर, फक्त मोठं किंवा काळं. त्यामुळे प्रेमकथा असो, भुताची गोष्ट असो की पाकशास्त्र, नाव उठून दिसायला हवं असेल तर चित्रकारालाच बोलवावं लागे. खिळ्यांचं दारिद्र्य होतं म्हणून अक्षरांची श्रीमंती आली. माझं हे म्हणणं आमच्या एका मुद्रक स्नेह्यांना पटत नाही. ते म्हणतात, “दारिद्र्याचं कौतुक ज्यांनी भोगलं नाही तेच करतात.” त्यांनी तरुणपणी खिळे जुळवलेत, तेव्हा मी गप्प बसतो. पण मत बदलत नाही.

त्याच सुमारास तिकडे युरोपात नेमकं उलटं चाललं होतं. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये, बाझलजवळच्या हास नावाच्या टाइप फाउंड्रीनं, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्यानं, एक नवं अक्षरवळण बाजारात आणलं. मॅक्स मीडिंगर यांनी ते काढलं, फाउंड्रीचे प्रमुख एडुआर्ड हॉफमन पाठीशी उभे होते. पुढे १९६० मध्ये त्याचं नाव हेल्व्हेटिका झालं आणि ते जगभरच्या पाट्यांवर, विमानतळांवर आणि औषधांच्या खोक्यांवर जाऊन बसलं. १९५७ सालीच आद्रियाँ फ्रुटिगरचं युनिव्हर्स आलं. एकाच अक्षराची बारीक, जाड, अरुंद, रुंद अशी २१ रूपं, सगळी एका शिस्तीत. या मंडळींना तऱ्हेतऱ्हेच्या अक्षरांचा उबग आला होता. अक्षरानं स्वतःबद्दल काही बोलू नये, निरोप पोचवावा आणि बाजूला व्हावं, असा त्यांचा आग्रह. पानाला आधी जाळी आखायची, मजकूर डावीकडे नीट लावायचा आणि उरलेली जागा मोकळी सोडायची. ती पोस्टरं मला मनापासून आवडतात. त्यांच्याकडे बघितलं की टेबल आवरावंसं वाटतं. पण ज्यांच्याकडे शेकडो वळणं होती ते एक गप्प अक्षर शोधत होते आणि ज्यांच्याकडे धड दोन नव्हती ते प्रत्येक शब्दासाठी नवं अक्षर काढत होते, यातला विनोद मला सोडवत नाही. त्याच १९५७ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे नवे पैसे आले. एवढ्याशा नाण्यावर सरकारला ‘रुपये का सौवाँ भाग’ असं छापावं लागलं. लोकांना हिशेब कळायला हवा ना! अक्षर गप्प राहून आपल्याकडे कसं चालेल?

आता कव्हर उलटून आत जाऊ. तिथे कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं.

१९६२ च्या आधीचं मराठी पान आजच्यापेक्षा वेगळं दिसतं, ते आधी टिंबांमुळे. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केव्हां’, ‘घरें’, ‘त्यांत’. शिरोरेघेवर फोडणीतल्या मोहरीसारखे अनुस्वार तडतडत असतात. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी १९६२ मध्ये त्यातले न उच्चारले जाणारे उडवले आणि मराठी पानाचं कपाळ एकदम स्वच्छ झालं. व्याकरणवाले यावर अजून भांडतात. मी नुसता बघणारा, त्यामुळे मला दोन्ही पानं आवडतात. जुनं जरा जास्तच, पण ते लिहायची पाळी माझ्यावर येत नाही म्हणून. काही नियतकालिकांत तर सावरकरी पद्धतीची ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी बाराखडी दिसते. खिळे कमी लागावेत हा त्यामागचा रोकडा हिशेब. डोळ्याला ती टोचते. माझ्या आजीनं ती कधी मानली नाही. असा अंक समोर आला की ती चष्मा काढून ठेवायची.

बाकी छपाई पुष्कळदा वाईटच असे. खिळे झिजलेले. शिरोरेघ सलग दिसायला हवी, पण खिळ्याखिळ्यांत केसाएवढी फट. डिग्री पद्धतीत अक्षरांची ओळ वेगळी, वरचे मात्रा-अनुस्वार वेगळे आणि खालचे उकार वेगळे जुळवायचे, त्यामुळे मात्रा कधी कधी अक्षराचं बोट सोडून वरच्या वर तरंगते. अखंड पद्धतीत मात्रेसकट अक्षर ओतलेलं, म्हणून ते देखणं, पण खिळे किती लागायचे ते विचारू नका. त्यात युद्धानंतरचा कागद. हात लावला की कडा पापडासारख्या मोडतात, असं म्हणणार होतो, पण खरं तर त्या पिठासारख्या होतात आणि सदऱ्याला लागतात. या सगळ्याला सोनेरी काळ म्हणणाऱ्यांनी त्यातली एखादी कादंबरी चाळिशीच्या चष्म्यानं रात्री वाचून दाखवावी.

म्हणूनच हल्ली ‘रेट्रो’ नावानं जे चालतं त्याची मला मौज वाटते. लग्नपत्रिका, मिसळीच्या हॉटेलचं मेन्यूकार्ड, नाटकाची जाहिरात. मुद्दाम पसरलेली शाई, मुद्दाम सरकवलेला लाल रंग, मुद्दाम खरवडलेली अक्षरं. जी गोष्ट होऊ नये म्हणून मशीनमन रात्रभर ठशाखाली कागदाचे कपटे सारत बसायचा, तीच आता बटण दाबून मिळते. आणि एवढं करून अक्षर कुठलं? तयार फाँट. दोनदा आलेला ‘र’ दोन्हीकडे हुबेहूब तोच, खरवडीसकट!

फाँटांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, पुणेकराला तर मुळीच नाही. देवनागरी संगणकावर आणण्यात या गावाचा वाटा मोठा. १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था इथेच उभी राहिली, मराठी फाँटांचं श्री-लिपी हे सॉफ्टवेअरही इथलंच. नव्वदच्या दशकात पेठांतल्या बोळाबोळांत संगणकावर पानं जुळवून देणारी डीटीपी सेंटरं निघाली, खिळे किलोवर मोडीत गेले आणि फाँट नावाऐवजी नंबरानं ओळखले जाऊ लागले. जाहिरातक्षेत्रात अक्षरांशी खेळलेल्या र. कृ. जोशींनी पुढे विंडोजसाठी ‘मंगल’ केला. आज ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे नीट विचार करून घडवलेले फाँट फुकट मिळतात. मोबाइलवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात तेव्हा चिडचिड होते ती वेगळी. आमची सगळी पाठ्यपुस्तकं मिळून जेवढी वळणं नव्हती तेवढी आता खिशात असतात. निवड करून करून दमायला होतं आणि शेवटी यादीतलं पहिलं उचललं जातं.

पुण्यात त्या काळची अक्षरं कागदावर कमी आणि भिंतींवर जास्त उरली आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा किती कपाटांतली पुस्तकं लगदा झाली असतील त्याचा हिशेब कुणाकडे नाही. पण त्यानंतर बांधकामंही खूप झाली आणि त्या काळच्या गवंड्यांना इमारतीच्या कपाळावर सिमेंटमध्ये उठावाची अक्षरं काढायची हौस होती. नाव, खाली साल. ओल्या गिलाव्यात करणीनं कापलेली ती अक्षरं असल्यामुळे ‘श्री’चे कोपरे चौकोनी, वेलांट्या कमानीसारख्या आणि ‘६’चं पोट कायम भरलेलं. डेक्कन, प्रभात रस्ता, एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्या इथे मान वर करून चाललं तर अजून सापडतात. मान वर करून चालणं आता पुण्याच्या फुटपाथवर कितपत शक्य आहे, तो भाग सोडा.

आमच्या मागच्या गल्लीत अशीच एक तीन मजली इमारत पुनर्विकासाला जाते आहे. तिच्या नावातला ‘क्ष’ मी येता-जाता बघायचो; त्याची गाठ अशी भरदार की गवंड्यानं जेवण झाल्यावर निवांत काढली असावी. तिथल्या सेक्रेटरींना विचारलं, ही अक्षरं कापून नव्या गेटवर बसवता येतील का? त्यांनी ठेकेदाराला विचारलं. ठेकेदार म्हणाला, गिलावा आहे साहेब, छिन्नी लावली की भुगा होणार. मग मी म्हटलं, निदान जसंच्या तसं कागदावर उतरवून स्टीलमध्ये कापून घ्या. मी ट्रेसिंग करून देतो, फुकट.

सेक्रेटरींनी माझ्याकडे काळजीनं बघितलं. पुण्यात ‘फुकट’ या शब्दानं माणूस सावध होतो.

“अहो काका,” ते म्हणाले, “अक्षर कसं आहे ते कोण बघतंय? कुरिअरवाल्याला वाचता आलं म्हणजे झालं.”

स्वित्झर्लंडमध्ये एवढंच ठरवायला एक अख्खी फाउंड्री कामाला लागली होती.