पहिलीचा वर्ग आणि मुलाची झटकणारी मान

मुलगा पाच वर्षांचा असताना डोळे जोरजोरात मिचकावू लागला, तेव्हा आम्ही त्याला आधी नेत्रतज्ज्ञांकडे नेले. डोळ्यांत काही दोष निघाला नाही. काही महिन्यांनी मिचकावणे थांबले आणि त्याच्या जागी मान एका बाजूला झटकणे आले. मेंदूविकारतज्ज्ञांच्या खोलीत त्याने एकदाही मान हलवली नाही, त्यामुळे घरी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितीच त्यांना दाखवाव्या लागल्या. त्या पाहून त्यांनी या मोटर टिक, म्हणजे अचानक, आपोआप आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली, असल्याचे सांगितले. त्या बहुधा चार ते सहा या वयात सुरू होतात, मधूनमधून वाढतात आणि ओसरतात, जुनी जाऊन नवी येते, दहा ते बारा या वयात त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये तो कमी होतो, असेही त्यांनी समजावले. सोबत आवाजाची टिकही असेल आणि हे सारे वर्षाहून अधिक काळ चालले, तर टूरेट सिंड्रोमचे निदान होते. आमच्याकडे तशी स्थिती नव्हती.

तोवर मी त्याला दिवसातून वीसदा तरी “मान हलवू नकोस” म्हणत आले होते. त्यावर तो रडवेला होऊन म्हणायचा, “मी नाही हलवत, ती आपोआप हलते.” मोठी मुले टिकच्या आधीची भावना शिंक येण्यापूर्वीच्या हुळहुळीसारखी असते असे सांगतात, हे डॉक्टरांकडून कळल्यावर मला माझीच लाज वाटली. टोकल्याने टिक कमी होत नाही. मूल तिच्याकडे अधिक लक्ष देऊ लागते आणि ती वाढते.

शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी आम्ही वर्गशिक्षिकांना भेटून एका पानाचे टिपण दिले: हे मुद्दाम केलेले नाही, संसर्गजन्य नाही, कृपया टोकू नये, आणि फार वाढल्यास पाणी पिण्याच्या निमित्ताने त्याला दोन मिनिटे बाहेर जाऊ द्यावे. बाईंनी रास्त शंका काढली, “एकालाच सूट दिली असे इतर मुलांना वाटणार नाही का?” शिंकणाऱ्या मुलाला आपण शिक्षा करत नाही, इतकेच मी म्हटले. त्यांनी आपुलकीने पहिला बाक देऊ केला होता. पण तेथे बसल्यास सगळा वर्ग मागून त्याची मान पाहत राहिला असता, म्हणून आम्ही भिंतीकडेचा, मागून दुसरा बाक मागून घेतला. मिचकावणे परत आले तर वाचताना ओळ सुटू नये म्हणून दप्तरात एक पट्टी ठेवली, जी ओळीखाली धरून तो पुढे सरकू शकेल.

पहिल्या तीन आठवड्यांत टिक वाढल्या. उत्साह, ताण आणि थकवा या तिन्हींनी त्या वाढतात. गंमत अशी, की बाई म्हणत, “वर्गात तर तो अगदी शांत असतो,” आणि घरी दार उघडताच तो दप्तर टाकून अर्धा तास सलग मान झटकत राही. दिवसभर दाबून धरलेले घरी मोकळे होत होते. मग शाळेतून आल्यावर पहिला तास आम्ही काहीही विचारायचे नाही, गृहपाठाचे नावही काढायचे नाही असे ठरवले. त्या वेळात तो कागदाच्या होड्या करत बसतो, आणि घडी घालताना मान एकदम स्थिर असते. ते पाहून त्याची आजी म्हणाली, “म्हणजे ठरवलं तर थांबवता येतं की!” मन रमले की टिक कमी होतात, त्यात ठरवण्याचा भाग नाही, हे त्यांना पटवायला मला शाळेपेक्षा जास्त वेळ लागला.

मध्यंतरी एका मुलाने त्याची नक्कल केली. बाईंनी कोणाचेही नाव न घेता उचकी, शिंक, जांभई यांविषयी वर्गाशी दहा मिनिटे गप्पा मारल्या आणि विषय तेथेच मिटला.

औषध सुरू केलेले नाही. मान दुखू लागली किंवा अभ्यासात अडथळा येऊ लागला, तर टिकची चाहूल लागताच तिच्या विरुद्ध हालचाल धरून ठेवायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धत आधी वापरावी, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. सध्या मान बरीच शांत आहे. मिचकावणे मात्र गेल्या आठवड्यापासून परतले आहे, आणि पट्टी आता दप्तरातून काढून तो रोज बाकावरच ठेवतो.