आमची वाटचाल : बेटांवर नोंदलेली विमानं आणि कर्वेनगरचं ऑफिस

आमचं ऑफिस कर्वेनगरला, दुसऱ्या मजल्यावर. खाली किराणा दुकान. आम्ही ज्या खासगी विमानांच्या कागदपत्रांचं काम बघतो ती नोंदलेली आहेत बर्म्युडा आणि केमन बेटांवर, आणि उभी असतात दुबईला, जेद्दाला, जिनिव्हाला. पुण्यात त्यातलं एकही कधी उतरलेलं नाही. बरीचशी तर आपल्या नोंदणीच्या बेटावरही गेलेली नाहीत. हे सांगितलं की पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे टॅक्स वाचवायचा धंदा का?" चालू खातं उघडायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनीही केमनचं नाव वाचून चष्म्यावरून बघितलं होतं. पहिली फी जमा झाल्यावर परकीय चलनाचा दाखला, जीएसटीचं हमीपत्र (एलयूटी), करारपत्र, सगळं दोनदा मागून झालं.

टॅक्सचं विमानमालकांच्या सीएला माहीत. आमच्याकडे येतो तो विमान सुरक्षेचा आणि वैमानिकांच्या परवान्यांचा कायदा, आणि तो चांगलाच कडक आहे.

विमानाला राष्ट्रीयत्व असतं आणि ते नोंदणीवरून ठरतं, हे १९४४ च्या शिकागो करारात आहे. एका वेळी दोन देशांत नोंदणी चालत नाही. विमान उडण्यालायक असल्याचा दाखला नोंदणीच्या देशाचाच लागतो (कलम ३१). आंतरराष्ट्रीय उड्डाणावरच्या वैमानिकाचा परवानाही नोंदणीच्या देशानं दिलेला किंवा त्यानं ग्राह्य धरलेला लागतो (कलम ३२). आता बर्म्युडा, केमन, टर्क्स आणि कायकोस, फॉकलंड, सेंट हेलेना हे काही स्वतंत्र देश नव्हेत, ब्रिटनचे सागरपार प्रदेश. त्यामुळे जगापुढे जबाबदार धरलं जातं ते ब्रिटनला. म्हणून लंडनहून या सगळ्या प्रदेशांसाठी एक एअर नेव्हिगेशन ऑर्डर, म्हणजे विमान वाहतुकीचा हुकूम, निघतो. सध्याचा २०१३ चा, त्याआधीचा २००७ चा. ऑर्डर म्हणतो काय करायला हवं. ते कसं करायचं हे ओवरसीज टेरिटरीज एव्हिएशन रिक्वायरमेंट्समध्ये, आमच्या भाषेत 'ओटार'मध्ये. ओटार काढते एअर सेफ्टी सपोर्ट इंटरनॅशनल ही संस्था. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणानं (सीएए) २००३ साली स्थापन केलेली तिचीच उपकंपनी. बर्म्युडा आणि केमनकडे स्वतःची प्राधिकरणं आहेत, तिथं रोजचा कारभार ती बघतात. माँटसेराट, अँग्विला, सेंट हेलेना अशा छोट्या ठिकाणी ही संस्थाच थेट देखरेख करते.

आयल ऑफ मॅनबद्दल फोन येतात. ते वेगळं प्रकरण. २००७ पासून तिथं स्वतःचं रजिस्टर आहे, पण तो सागरपार प्रदेश नाही आणि हा ऑर्डर तिथं लागू नाही. आम्ही ते काम घेत नाही.

मी मूळची एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता. सुरुवात मुंबईला कालिन्याच्या हँगरमधून, नंतर रेकॉर्ड्स विभागात. तिथं जायला कोणी तयार नसायचं. हाताला ग्रीस लागत नाही ते इंजिनिअरचं काम नव्हे, असा समज. मला मात्र तिथंच गोडी लागली. माझे भागीदार, ज्यांना ऑफिसात सगळे काका म्हणतात, शारजाला खासगी जेटांच्या देखभालीत मुरलेले. आखातात शेपटीवर व्हीपी-बी (बर्म्युडा) आणि व्हीपी-सी (केमन) ही नोंदणीची अक्षरं लिहिलेली विमानं पैशाला पासरी. त्यांचे मालक सौदी, कंपनी केमनची, कॅप्टन ब्रिटिश, मेकॅनिक केरळचा किंवा आपला. आणि कागद? कागद तीन देशांत विखुरलेले. काका सुट्टीवर आले की हेच रडगाणं गायचे. २०१२ मध्ये आम्ही फर्म नोंदवली ती या रडगाण्याच्या भरवशावर.

पहिलं काम स्कॅनिंगचं होतं. लॉगबुकं स्कॅन करा, अनुक्रमणिका लावा, संपलं. त्यात पैसा नव्हता, पण ओटार पाठ झाला तो त्याच काळात. मग २०१३ चा ऑर्डर आला, कलमांचे क्रमांक बदलले, आणि जुन्या चेकलिस्ट घेऊन बसलेल्या मंडळींना अचानक आमची आठवण झाली. धंदा खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला.

ओटारच्या भाग ३९ मध्ये उड्डाणयोग्यता टिकवण्याचे नियम आहेत, ४३ मध्ये देखभालीचे, ६१ मध्ये वैमानिकांच्या परवान्याचे, ९१ मध्ये उड्डाणाचे सर्वसाधारण नियम. खासगी विमानाला एक टेक्निकल को-ऑर्डिनेटर नावानिशी नेमावा लागतो. तपासण्या वेळेवर झाल्या का, एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेसाठी सक्तीनं करायच्या दुरुस्त्यांचे आदेश, पाळले का, कुठल्या भागाचं आयुष्य कधी संपतंय, हे सगळं त्याच्या गळ्यात. मालकाला वाटतं ही नुसती सही आहे. काका त्याला समोर बसवून सांगतात, सही माझी आहे, त्यामुळे विमान कधी उभं करायचं हेही मी सांगणार. इथं निम्मी गिऱ्हाइकं उठून जातात. उरलेली टिकतात.

काम प्रत्यक्षात कसं असतं? लँडिंग गिअरचा एक सिलिंडर घ्या. त्याचं आयुष्य ठरावीक लँडिंगचं. तो कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत कुठल्या विमानावर किती लँडिंग झाला, याची साखळी सलग लागते. स्कॅनमध्ये सिरीयल नंबरचा शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही. मग ओव्हरहॉल केलेल्या शॉपचा जुना अहवाल मागवायचा. शॉप दरम्यान विकलं गेलेलं. नवीन मालकाकडे अर्काइव्ह नाही. अशा एका आकड्यापायी आठवडे जातात आणि तेवढा काळ कोट्यवधींचं विमान हँगरमध्ये भाडं खात उभं. साखळी जुळली नाही तर सिलिंडर चांगला असो वा नसो, भंगारात. जुन्या लॉगबुकात मधूनच व्हीआर-बी, व्हीआर-सी लिहिलेली पानं लागतात. नव्या मुलांना तो दुसऱ्याच देशाचा कागद वाटतो. हाँगकाँग ब्रिटनच्या हातून जाण्याच्या सुमाराला ही व्हीआर अक्षरं बदलून व्हीपी झाली, हे सांगावं लागतं.

नोंदणी बदलताना तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. भारतातून, म्हणजे व्हीटी नोंदणीतून, केमनला गेलेल्या एका जेटचं काम आमच्याकडे होतं. रंग झाला, अक्षरं बदलली, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राचा) चोवीस बिटांचा पत्ता ब्रिटनच्या ब्लॉकमधला घातला, अग्निरोधक पाटी नवी लावली. सर्व्हेअर, म्हणजे प्राधिकरणाचा तपासनीस, येणार म्हणून आमच्या ऑफिसातला एक मुलगा बाझलच्या हँगरमध्ये प्रत्येक पेटीचा कोड वाचत होता. ईएलटी, म्हणजे अपघात झाल्यास ४०६ मेगाहर्ट्‌झवर हाक देणारं यंत्र. त्याच्या कोडमध्ये देशाचा आकडा असतो. केमनचा ३१९, भारताचा ४१९. यंत्रात ४१९ तसाच होता, आणि कागदावर मात्र 'रिप्रोग्रॅम केलं' अशी सही. विमान अटलांटिकवर पडलं असतं तर विचारणा आली असती अशा हाका हाताळणाऱ्या बंगळुरूच्या केंद्राकडे, आणि तिथल्या नोंदीत मिळाला असता जुन्या मालकाचा फोन. सही कोणाची होती ते इथं लिहीत नाही. त्या कंपनीनं दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप कोड बदलून दिला आणि बिलही लावलं.

वैमानिकांचं प्रकरण याहून नाजूक. कॅप्टनकडे अमेरिकन परवाना आहे, तासही भरपूर, टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायची पात्रता, हीही आहे. तरी बर्म्युडाच्या विमानावर तो बसणार असेल तर बर्म्युडाच्या प्राधिकरणानं त्याचा परवाना व्हॅलिडेट केलेला, म्हणजे ग्राह्य धरलेला हवा. अर्ज, मेडिकलची प्रत, रेटिंगची प्रत, फी. काही अवघड नाही, पण आधी करायचं असतं. एका गिऱ्हाइकानं नेहमीचा कॅप्टन आजारी पडला म्हणून ऐनवेळी बदली माणूस आणला. माणूस उत्तम होता. व्हॅलिडेशन नव्हतं. मालकाचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, त्याला सगळ्या जगात उडवता येतं, तुमचं बेट काय वेगळं आहे?" मी म्हटलं, विमान त्या बेटाचं आहे. शिवाय विमा कंपनी दुर्घटनेनंतर पहिला कागद हाच मागते आणि तो नसला की हात वर करते. त्या दिवशी उड्डाण झालं नाही. महिनाअखेरीस आमचा करारही संपवण्यात आला. पैसे शेवटच्या पैशापर्यंत मिळाले, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

कोविडच्या काळाबद्दल विशेष काही नाही. व्यापारी विमानं बसली, खासगी जेट सगळ्यात आधी पुन्हा उडायला लागली, आम्ही घरून काम केलं.

मार्च २०२२ बद्दल मात्र सांगायलाच हवं. बर्म्युडाची वस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, पण रशियन विमान कंपन्या भाड्यानं उडवत असलेली सातशेहून अधिक विमानं तिथं नोंदलेली होती. हे जमायचं शिकागो कराराच्या कलम ८३ बिसमुळे. नोंदणीचा देश आपल्या काही जबाबदाऱ्या विमान चालवणाऱ्या देशाकडे सोपवू शकतो. बर्म्युडा आणि रशियात असा करार १९९९ पासून. वैमानिक आणि उड्डाणाची देखरेख रशियाकडे, उड्डाणयोग्यतेची बर्म्युडाकडे. युक्रेनवर हल्ला झाला, निर्बंध आले, सुटे भाग थांबले, सर्व्हेअर जाऊ शकेनात. १२ मार्चला बर्म्युडाच्या प्राधिकरणानं जाहीर केलं की या विमानांच्या उड्डाणयोग्यतेची खात्री आम्ही देऊ शकत नाही, आणि रात्री २३:५९ यूटीसीपासून (जागतिक प्रमाणवेळ) त्या करारातल्या सगळ्या विमानांचे दाखले तात्पुरते स्थगित केले. रशियानं दोनच दिवसांनी कायदा करून ही विमानं आपल्या रजिस्टरवर घ्यायची सोय केली. एका वेळी दोन देशांत नोंदणी नाही, हा मघाचा नियम तिथं धाब्यावर बसला.

आमचं त्यात एकही विमान नव्हतं. तरी फोन सुरू झाले, ते बहुतेक विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या वकिलांकडून. विमान हातातून गेलेलं, रेकॉर्ड निम्मे मॉस्कोत. विमान परत मिळालं तरी कागदांशिवाय त्याची किंमत सुट्या भागांच्या भावानं होते, आणि सुटे भागही कागदांशिवाय कोणी घेत नाही. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला स्कॅन करून प्रत आपल्याकडे ठेवली होती त्यांना दावा मांडायला निदान पुरावा होता. तेव्हापासून आमच्या करारात एक ओळ पक्की आहे: मूळ कागद कुठंही असोत, पूर्ण प्रत मालकाच्या ताब्यात दर महिन्याला. "कशाला?" असं आता कोणी विचारत नाही.

बेटांची रजिस्टरं म्हणजे नुसती सोय, अशी टिंगल करणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते. साठ-पासष्ट हजार लोकांच्या बेटानं आपल्या रजिस्टरचा मोठा हिस्सा, म्हणजे आपली रोजीरोटी, एका रात्रीत कागदोपत्री जमिनीवर बसवला. मोठमोठ्या देशांतल्या किती खात्यांना हे जमलं असतं?

आता ऑफिसात बहुतेक मुलं-मुली एएमईचे पेपर पास झालेली आहेत. आपल्याकडे संस्था खोऱ्यानं निघाल्या, पण लायसन्ससाठी लागणारा हँगरचा अनुभव द्यायला हँगर कुठे तेवढे? पेपर पास झालेली मुलं कॉल सेंटरला जातात, हे बघवत नाही. आम्ही त्यांना रेकॉर्ड शिकवतो आणि आळीपाळीनं आखातात किंवा युरोपात हँगरवर पाठवतो. त्यातली दोघं आता केमनच्या विमानांसाठी को-ऑर्डिनेटर म्हणून काकांच्या जोडीला काम बघतात. काकांना निवृत्त व्हायचंय, निदान ते तसं म्हणतात. सध्या एअर ऑपरेटर सर्टिफिकेटची, म्हणजे भाड्यानं प्रवासी नेणाऱ्यांची कामं विचारली जात आहेत. त्यात वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांचा हिशेब येतो, आणि तो खासगी विमानांपेक्षा फार गुंतागुंतीचा. तो जाणणारं माणूस मिळेपर्यंत आम्ही ते काम घेणार नाही. ओळखीत कोणी क्रू शेड्यूलिंगमध्ये तयार झालेलं असेल आणि पुण्यात राहायची तयारी असेल, तर ऑफिसात येऊन भेटावं. शनिवारी काका असतात.