खपाटीला गेलेले पोट

कोथरूडच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत अडीच फूट लांबीचा, सुमारे शंभर लिटर पाण्याचा समुद्री टँक गेली तीन वर्षे आहे. दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर श्रिंप आणि थोडी मऊ प्रवाळे एवढाच संसार त्यात सुखाने नांदत होता. गेल्या वर्षी त्यात मी एक मँडरिन मासा आणून सोडला. या माशाच्या अंगावरील निळाई प्रकाशाच्या खेळातून दिसणारी नसून त्वचेतील पेशींमध्ये खरोखरच निळे रंगद्रव्य असते, आणि माशांमध्ये ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ आहे, असे मी वाचले होते. त्या निळाईला मी भुललो, हे कबूल केले पाहिजे. दुकानदार म्हणाला, ‘‘सगळं खातो, काही नखरे नाहीत.’’ मी विश्वास ठेवला. दुकानातच त्याला माझ्यासमोर खाऊ घालून दाखवा, असे सांगण्याचे मला सुचले नाही.

पहिले काही दिवस तो दिवसभर खडकांवर फिरून काहीतरी टिपत असे, त्यामुळे मी निश्चिंत होतो. तिसऱ्या आठवड्यात वरून पाहताना छातीजवळच्या परांच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे दिसले. पोट खपाटीला गेले होते. टाकलेले दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली जात होते आणि तो त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता.

आमच्या घरात पानात टाकायचे नाही, हा आईचा कडक नियम आहे. टँकसमोर उभी राहून ती म्हणाली, ‘‘अरे, हा तर तुझ्यावरच गेला आहे. लहानपणी तूही भाजी अशीच बाजूला सारायचास.’’ मलाही आधी तो हट्टी वाटला. पण त्याच्या खाण्याची रीत नीट पाहिल्यावर त्याला चोखंदळ म्हणणे अन्यायाचे आहे असे माझे मत झाले. पश्चिम प्रशांत महासागरातील प्रवाळांच्या आडोशाने राहणारा हा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा मासा आपल्या इवल्याशा तोंडाने कोपेपॉडसारखे हलणारे सूक्ष्म जीव एकेक करून दिवसभर वेचतो. जे हलत नाही ते खाद्य आहे, हे त्याने ओळखावे तरी कसे? मोठ्या, जुन्या टँकमध्ये खडकांतील कोपेपॉडची पैदास त्याच्या भुकेला पुरून उरते. माझ्या शंभर लिटरमधील साठा मात्र त्याने दोन-तीन आठवड्यांत फस्त केला होता. रात्री दिवे मालवून काचेवर टॉर्च मारला, की पूर्वी पांढरे ठिपके सरपटताना दिसत. आता काच स्वच्छ होती.

तातडीचा उपाय म्हणून ब्राइन श्रिंपची, म्हणजे खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवांची, अंडी उबवायला घेतली. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगली, लिटरभर पाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम आयोडीनविरहित जाडे मीठ विरघळवले, तळापर्यंत हवेची नळी सोडली आणि वर दिवा लावला. पुस्तकी हिशेबाने पाणी २६ ते २८ अंश असेल तर २४ तासांत पिल्ले बाहेर पडतात. परंतु ते डिसेंबरचे दिवस होते आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर रात्री इतका गारठा असे की पहिल्या खेपेला जवळजवळ दोन दिवस लागले. नंतर बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवू लागलो. हवा बंद केली की टरफले वर तरंगतात आणि पिल्ले प्रकाशाच्या दिशेने गोळा होतात. ती नळीने ओढून, मलमलच्या फडक्यातून गाळून, धुऊन लगेच घालावी लागतात, कारण अंगातील पिवळा बलक संपला की त्यांत फारसे पोषण उरत नाही. ही नारिंगी पिल्ले दिसताच मँडरिन थबकला, डोळे फिरवले आणि टिपू लागला. त्या क्षणी मला झालेला आनंद घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही.

मात्र रोज सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी हा कारखाना चालवणे शक्य नव्हते, म्हणून त्याला गोठवलेल्या मायसिसची, म्हणजे कोळंबीसारख्याच बारीक जीवांच्या वड्यांची, सवय लावायची ठरवली. क्लाऊनफिशची जोडी पंक्तीत आधीच ताट पुढे करणाऱ्यांपैकी, त्यामुळे मँडरिनला टँकमध्येच लटकवलेल्या जाळीच्या पेटीत काही आठवडे वेगळे ठेवले. जिवंत पिल्लांबरोबर ब्लेडने बारीक चिरलेला मायसिस मिसळायचा, पंप बंद करायचा आणि पिपेटने पाण्याला इतका हलका झोत द्यायचा की मेलेला तुकडा जिवंत असल्यासारखा वळवळेल, अशी ही फसवणूक होती. त्याने अठरा दिवस तुकडे तोंडात घेऊन थुंकले. एकोणिसाव्या दिवशी एक तुकडा आत गेला तो बाहेर आला नाही.

यात आणखी एक झगडा होता, तो फ्रीजरचा. श्रावणात आमच्या फ्रीजरमध्ये कोळंबीचे कोणतेही भावंड चालत नाही. अखेर झाकणाचा स्टीलचा डबा, त्यावर चिकटपट्टी आणि सर्वांत खालचा कप्पा यावर तह झाला.

आता तो एका लहानशा काचेच्या वाटीत वाढलेले खातो. वाटीचे तोंड इतके अरुंद आहे की क्लाऊनफिशला आत शिरता येत नाही. तरीही टँकच्या मागे शेवाळाचा एक छोटा डबा लावून त्यात कोपेपॉड वाढवतो आहे, कारण दिवसातून दोनदा जेवण हे या माशाच्या हिशेबाने उपासच. ज्यांचा टँक माझ्याइतका लहान आहे त्यांनी हा मासा घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. घेतल्यानंतर सांगणे सोपे असते, हेही मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात चार दिवस रत्नागिरीला जावे लागले, तेव्हा आईला कागदावर लिहून दिले होते: मायसिसचा तुकडा नखाएवढा, वितळवून आणि धुऊन, पंप बंद करून. परत आलो तर मँडरिनचे पोट प्रथमच गोल दिसत होते, वाटीभोवती पांढरट थर साचला होता, आणि पाण्याच्या चाचणीत नायट्रेट, म्हणजे उरलेले खाद्य कुजून साचणारे द्रव्य, १० वरून २५ वर गेले होते. ‘‘नखाएवढ्याने काय होतंय? मी आपली रोज अख्खी वडी घातली,’’ आई म्हणाली. त्या रात्री अकरा वाजता मी टँकचे पाणी बदलण्यासाठी आरओच्या वीस लिटर पाण्यात मीठ कालवत बसलो होतो.