‘नो मोअर ड्रीम’ आणि ‘पोस्ट कधी निघतेय?’

बीटीएस या कोरियन पोरांच्या बँडचं पहिलं गाणं फार काही ग्रेट नाही, हे आधीच सांगून टाकते. आर्मीतल्या, म्हणजे त्यांच्या चाहत्यांच्या फौजेतल्या, मैत्रिणी चिडतील, चिडू देत. ‘नो मोअर ड्रीम’ बघताना मला अजूनही वाटतं की या पोरांनी नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन रॅपरांचे कपडे भाड्याने आणलेत. काळे कपडे, टोप्या, गळ्यात जाडजूड साखळ्या, त्यांच्यातल्या आरएमच्या डोळ्यांवर गॉगल आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर सणसणीत राग. त्यात जंगकूक जेमतेम पंधरा वर्षांचा, अजून शाळेत जाणारा. त्याचा राग बघून मला त्याला आधी जेवलास का विचारावंसं वाटतं.

बेस मात्र दणदणीत आहे, आणि नाचही. जंगकूकच्या आधाराने जिमिन बाकीच्यांच्या पाठींवरून झपाझप पावलं टाकत जातो ती जागा मी कितीदा मागे नेऊन पाहिली असेल! दहीहंडीचे थर बघत वाढलेल्या माणसाला त्यात कुणाचा खांदा कुठे लागतो हे बघायची खोड असतेच.

हे सगळं घडलं जून २०१३ मध्ये. १२ तारखेला ‘टू कूल फॉर स्कूल’ हा सिंगल अल्बम आला आणि १३ तारखेला ‘एम काउंटडाउन’ या टीव्ही कार्यक्रमात सातजण पहिल्यांदा स्टेजवर आले. कंपनी बिग हिट, तेव्हा अगदीच छोटी. कोरियाच्या गाओन चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, गाणं १२४ व्या नंबरच्या वर गेलंच नाही. नवोदितांचे पुरस्कार त्यांना मिळाले, पण टीव्हीवरच्या साप्ताहिक स्पर्धेत पहिला नंबर यायला २०१५ उजाडलं, तोही ‘आय नीड यू’ या वेगळ्याच गाण्याला. अमेरिकेतली बिलबोर्डची यादी वगैरे फार पुढचं.

मी हे गाणं ऐकलं ते नाशिकला, जेलरोडच्या एका अभ्यासिकेत. मी तेव्हा राज्यसेवेची तयारी करत होते. प्रत्येक टेबलाला प्लायवूडचं पार्टिशन, त्यावर आधीच्या पोरांनी पेनाने कोरून ठेवलेलं: ‘पीएसआय पक्का’, खाली दुसऱ्या अक्षरात ‘कुठल्या साली?’, त्याच्याही खाली कुणीतरी नुसताच गणपती काढलेला. माझ्या शेजारी सिन्नरची एक मुलगी बसायची. रात्री डोळे मिटायला लागले की ती एका कानात हेडफोन घालायची आणि दुसरा माझ्याकडे सरकवायची. के-पॉप, म्हणजे ही कोरियन पॉप गाणी, आठवीतल्या मुलींचं खूळ असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्री दहानंतर अभ्यासिकेत एक चक्कर मारावी. राज्यघटनेच्या पुस्तकाखाली काय काय वाजत असतं!

गाण्याचं इंग्रजी भाषांतर तिने मोबाईलवर वाचलं आणि चहाच्या टपरीवर मला सांगितलं, “अगं, यांच्याकडेही सरकारी नोकरीच गं!” आणि खरंच, गाण्यात पोरांना विचारलंय की तुमचं स्वप्न काय, आणि भविष्यात व्हायचंय काय याच्या यादीत पहिल्या नंबरवर आहे सरकारी कर्मचारी. शाळा सुटल्यावरही रात्री उशिरापर्यंत बाकावर बसवून करून घेतात त्या अभ्यासालाही त्यात टोला आहे. आम्ही दोघी त्या वेळी स्वखुशीने पैसे भरून तेच करत होतो.

कोरियात सरकारी नोकरीची सगळ्यांत खालची पायरी म्हणजे नववी श्रेणी, आणि तिच्यासाठीही झुंबड. सोलमध्ये नोर्यांगजिन नावाचा भाग आहे, तिथे सगळे क्लास, छोट्या छोट्या खोल्या आणि रस्त्यावर कागदी कपात भात विकणाऱ्या टपऱ्या. पोरं उभ्या उभ्या जेवतात आणि परत पुस्तकात. म्हणजे स्पर्धा परीक्षावाल्यांची पुण्यातली सदाशिव पेठच की. फक्त पोह्यांऐवजी भात.

आता माझी तक्रार. आमचे अण्णा करन्सी नोट प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये आहेत’ एवढं म्हटलं की किराणावाला वही काढायचा आणि स्थळवाले पुढची चौकशी थांबवायचे. आमचं घर, दादाचं इंजिनीअरिंग, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या एका पगारातून. शिफ्ट संपवून घरी आले की अण्णा आधी शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावायचे, मग चहा. का, ते कधी विचारलं नाही. त्या माणसाने माझ्यासाठी सरकारी नोकरीचं स्वप्न बघितलं तर त्याला ‘लादलेलं स्वप्न’ म्हणून कुणी गळ्यात साखळी घालून हिणवावं, हे मला पटत नाही. आणि हिणवणारे कोण, तर जे स्वतः कंपनीच्या तालमीत वर्षानुवर्षं घासून निघालेत, कधी झोपायचं आणि किती खायचं हेही ज्यांना दुसरा सांगत होता! गाण्याचे शब्द आरएम, शुगा, जे-होप यांनी लिहिण्यात भाग घेतलाय, मनापासूनच लिहिलेत, पण त्या मनापासूनपणाला वयही दिसतं.

मी हे सिन्नरवालीला बोलले तर ती म्हणाली, “थांब, तू शेवटचं ऐकलंच नाहीस.”

तर त्या अल्बमच्या सीडीच्या शेवटी, यादीत न छापलेले दोन ट्रॅक आहेत. त्यातला पहिला ‘ऑन द स्टार्ट लाइन’. गाणं नाहीच ते, आरएम नुसता बोलतो. तीन वर्षं कंपनीच्या तालमीत ट्रेनी असण्याबद्दल. सगळ्यांत अवघड काय होतं, तर नातेवाईक आणि मित्र विचारायचे, ‘तू येणार कधी? डेब्यू, म्हणजे पदार्पण, कधी?’ आणि याच्याकडे उत्तर नसायचं, कारण ते त्यालाच माहीत नव्हतं.

मी हेडफोन काढला. दिवाळीच्या फराळाला मामा, लग्नाच्या पंगतीत आत्या, दूध घ्यायला गेलं तर डेअरीवाले काका: “मग, पोस्ट कधी निघतेय?” प्रेमानेच विचारतात, म्हणून उलट बोलताही येत नाही. पूर्व परीक्षा निघाली म्हटलं की ‘म्हणजे अजून नाही ना?’. मी एक दिवाळी तर ताप आल्याचं सांगून वरच्या खोलीत काढली. आणि इकडे सोलमधला एक मुलगा, ज्याला सरकारी नोकरी नकोच आहे, तो हेच सांगत होता. ज्या अल्बममधलं मुख्य गाणं माझ्यासारख्यांना टोमणा मारतं, त्याच अल्बमच्या शेपटीला माझ्यासारख्यांचंच गाऱ्हाणं लपवून ठेवलेलं. गाण्यात जो आव आहे तो इथे औषधालाही नाही. मला विचाराल तर त्या पोरांचा खरा डेब्यू हाच ट्रॅक.

सिन्नरवालीची पोस्ट निघाली. पीएसआय. ट्रेनिंग त्र्यंबकरोडच्या पोलीस अकादमीत झालं, म्हणजे ‘नो मोअर ड्रीम’ तोंडपाठ असलेली मुलगी शेवटी सरकारी कर्मचारीच झाली, आणि खूष आहे. मी सोडलं. नाशिकमध्येच अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त परीक्षेचे पेपर रद्दीत घालू नकोस, कुणाला तरी लागतील म्हणाले.

२०२२ च्या ‘प्रूफ’ या संग्रहात ‘नो मोअर ड्रीम’ आहे, पण हा बोलण्याचा तुकडा नाही. यूट्यूबवर चाहत्यांनी भाषांतरासकट टाकलेला सापडतो. घरात पाहुणे असतील तर हेडफोन लावूनच ऐका, नाहीतर विषय निघेल.