थिंकपॅड एक्स२३०, बाबांच्या ओव्यांसाठी: आत्तापर्यंत काय काय झालं

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, शेवटी आज बसले. जुना लॅपटॉप घेऊन तो कामाचा करायचा हा आपला सगळ्यांचाच छंद, पण यावेळी मशीन माझ्यासाठी नाही, बाबांसाठी आहे, त्यामुळे निवड करताना डोकं जरा वेगळं चालवावं लागलं.

आधी काम सांगते, कारण सगळं त्यावरूनच ठरलंय. आमचं गाव पाटण तालुक्यात. आजीला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ होत्या, आणि बाबांनी आजीकडून आणि आळीतल्या बायकांकडून ऐकून त्या वह्यांमध्ये उतरवून ठेवल्यात. अकरा वह्या आहेत, काहींची पानं पिवळी पडून कडेने तुटायला लागलीत. बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क होते, गोदरेजच्या टाईपरायटरवर मराठी ३० ची परीक्षा दिलेली, म्हणजे टायपिंगची भीती नाही. त्यांना एकच हवं होतं, बटणं नीट दाबली जाणारा कीबोर्ड. मोबाईलवर चार ओळी टाईप केल्या आणि म्हणाले, "अगं, बोटाला काही लागतच नाही." म्हणून लेनोवोचा थिंकपॅड लॅपटॉप, त्याची बटणं बोटाला लागतात.

खरेदी. डोंबिवलीहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, मग चालत लॅमिंग्टन रोड. कंपन्यांनी लीज संपल्यावर काढलेली मशीनं तिथे ढिगाने असतात. एक्स२३० आवडला कारण छोटा आहे (१२.५ इंच), उघडायला सोपा आहे आणि सुटे भाग अजून मिळतात. २०१२ चं मॉडेल, माझ्यातला प्रोसेसर आय५-३३२०एम, रॅम ४ जीबीची एकच पट्टी, ३२० जीबीची फिरणारी हार्डडिस्क. साडेआठ हजारात चार्जरसकट मिळाला.

दुकानात उभ्या उभ्या काय तपासलं ते सांगते, नवीन कोणी घेणार असेल तर उपयोगी पडेल. चालू करताना एफ१ दाबून आधी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) शिरायचं आणि सुपरवायझर पासवर्ड लावलेला नाही ना ते बघायचं, पासवर्ड असेल तर मशीन कितीही चकाचक असलं तरी ठेवून द्यायचं, तो काढणं म्हणजे चिपशी खेळ आहे. मग एफ१२ दाबून आपल्या पेनड्राईव्हवरून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवायचं आणि प्रत्येक बटण, प्रत्येक यूएसबी, कॅमेरा, स्पीकर, वायफाय बघून घ्यायचं. हार्डडिस्क किती तास चालली आणि किती सेक्टर बदलले गेलेत ते स्मार्ट रिपोर्टमध्ये दिसतं. आणि बॅटरीची मूळ क्षमता किती नि आता किती भरते ते. माझ्याकडे सहा सेलची आहे, कंपनीचा आकडा ६३ वॉट-अवर, भरते ४१. म्हणजे अजून दीडेक वर्ष घरात चालून जाईल असा माझा अंदाज.

पहिला रविवार: एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि रॅम. यात फार सांगण्यासारखं नाही कारण एक्स२३० मध्ये हे काम खरंच पाच मिनिटांचं आहे. उजव्या कडेला एक स्क्रू, झाकण निघालं की पट्टी ओढून डिस्क बाहेर. फक्त एक लक्षात ठेवा, इथे ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क बसते, घरात पडलेली जुनी साडेनऊची बसणार नाही. एसएसडी साधी २४० जीबीची साटा घेतली, महागडी घेऊन उपयोग नाही कारण पोर्टच ६ गिगाबिटचा आहे. आत मोबाईल डेटा कार्डाच्या जागी एमसाटा, म्हणजे छोट्या कार्डासारखी एसएसडी पण बसते पण तो पोर्ट ३ गिगाबिटचा, तेव्हा सिस्टीम मोठ्या डिस्कवर आणि बॅकअप एमसाटावर अशी विभागणी पुढे करणार आहे.

रॅमचं मात्र थोडं बोलते. झाकण पोटाखाली आहे, दोन खाचा, कमाल १६ जीबी. सगळे म्हणतात ८ अधिक ८ करा. मी जुनी ४ तशीच ठेवून शेजारी ८ ची डीडीआर३एल पट्टी घातली, एकूण १२. पट्ट्या वेगवेगळ्या असल्या तरी इंटेलचा मेमरी कंट्रोलर दोन्हीकडचे ४-४ जोडून ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकदम, चालवतो, उरलेले ४ सिंगलमध्ये. याचं ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी नसलेलं, रॅममधूनच घेतं, त्यामुळे एकच मोठी पट्टी टाकण्यापेक्षा दोन खाचा भरलेल्या केव्हाही बऱ्या. विंडो सरकवताना आधी जो हलका अडखळा जाणवायचा तो गेला.

दुसरा रविवार, आणि इथे माझे पैसे आणि दिवस दोन्ही गेले. यात आलेलं वायफाय कार्ड रियलटेकचं साधं, फक्त २.४ गिगाहर्ट्झ. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या बँडवर इतकी गर्दी आहे की संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतोच. म्हणून इंटेल ७२६० चं कार्ड मागवलं, मिनी पीसीआय एक्स्प्रेस, अर्ध्या लांबीचं, मापात अगदी बरोबर. तळाचे खुणा केलेले स्क्रू काढले, कीबोर्ड आधी स्क्रीनकडे ढकलून मग पुढची कड उचलली, तळव्याखालची पट्टी सोडवली, अँटेनाच्या दोन बारीक तारा टिचकन बसवल्या, सगळं परत लावलं, चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर १८०२ एरर, अनधिकृत नेटवर्क कार्ड लावलंय, काढा. पुढे बूटच होत नाही.

तर हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या पिढीच्या थिंकपॅडच्या बायोसमध्ये चालणाऱ्या कार्डांची यादी भरून ठेवलेली असते, यादीत नसलेलं कार्ड लावलं की मशीन अडून बसतं. यावर उपाय आहे, वनव्हायरेन नावाचा, चिप न उघडता नुसत्या सॉफ्टवेअरने बायोस बदलून ही यादी काढता येते, पण त्यासाठी आधी बायोस जुन्या व्हर्जनवर न्यावा लागतो आणि मध्येच वीज गेली किंवा काही चुकलं तर मशीन दगड. स्वतःचं असतं तर मी नक्की केलं असतं. बाबांच्या मशीनवर नाही केलं, हे माझं ठाम मत आहे की दुसऱ्याच्या रोजच्या कामाच्या वस्तूवर आपली हौस भागवायची नाही. विकणाऱ्याने कार्ड परत घ्यायला नकार दिला, चार वेळा फोन केला, शेवटी नाद सोडला, पण त्या गोष्टीचा मला अजून राग आहे कारण मी मागवताना मॉडेल स्पष्ट लिहून विचारलं होतं आणि चालेल म्हणून उत्तर आलं होतं.

मग पुढच्या शनिवारी परत लॅमिंग्टन रोड. तिथल्या एका गाळ्यात बंद पडलेल्या थिंकपॅडच्या भागांचं खोकं असतं, त्यात इंटेल ६२०५ सापडलं, स्टिकरवर लेनोवोचा एफआरयू नंबर (कंपनीचा सुट्या भागाचा नंबर) ६०वाय३२५३. हा नंबर असला की यादीत आहे. ५ गिगाहर्ट्झ चालतं, ३०० मेगाबिटपर्यंत, आणि लिनक्समध्ये काहीही इन्स्टॉल न करता पहिल्याच बूटला ओळखलं. नवीन कार्डाच्या एक चतुर्थांश किमतीत काम झालं. जे कोणी थिंकपॅडचे भाग घेतील त्यांनी मापाबरोबर एफआरयू नंबरही जुळवा, एवढंच कळकळीने सांगते. बॅटरीलाही हेच लागू आहे बरं का, या पिढीत डुप्लिकेट बॅटरी बसते पण बायोस तिला ओळखत नाही आणि चार्जच करत नाही.

आता सॉफ्टवेअर. यात विंडोज १० आलं होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, हा तिसऱ्या पिढीतला. अट चुकवून घालणारे आहेत, चालतंही, पण एखाद्या अपडेटने काही बिघडलं आणि मी तेव्हा ऑफिसात असले तर बाबांनी काय करायचं? म्हणून लिनक्स, याबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता कुठलं.

डेबियन १३ आणि मिंट २२ हे लिनक्सचे दोन प्रकार, दोन्ही आठवडा आठवडा चालवून बघितले. डेबियन मला स्वतःला जास्त आवडतं, शांत आहे, उगाच काही विचारत नाही. (ज्यांच्याकडे ३२ बिटवालं फार जुनं मशीन आहे त्यांनी लक्षात घ्या, १३ पासून डेबियनने ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय.) पण बाबांच्या हातात देताना मिंटचं पारडं जड पडलं, कारण अपडेटचं चित्र खाली दिसतं आणि दोन क्लिकमध्ये होतं, टाईमशिफ्टने मी आदल्या दिवसाचं सगळं परत आणू शकते, आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहणार, तोवर बघायला नको. मिंटच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपांपैकी सिनॅमन आधी घातलं होतं, चालू झाल्यावर १.३ जीबी रॅम खात होतं, एक्सएफसीई ९०० एमबीच्या आसपास. १२ जीबी असताना हा फरक रॅमसाठी महत्त्वाचा नाही, पण एक्सएफसीईत मेनू उघडायला जी तत्परता आहे ती या ग्राफिक्सवर स्पष्ट जाणवते, म्हणून तेच ठेवलं.

छोट्या गोष्टी पटापट: टीएलपी (बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम) घालून चार्जिंग ७५ टक्क्यांना सुरू ८० ला बंद असं लावलं, कारण लॅपटॉप दिवसभर प्लगलाच असतो. बाबा कीर्तनं बघतात यूट्यूबवर, तिथे पंखा जोरात फिरायचा. हे ग्राफिक्स एच२६४ व्हिडिओ स्वतः उलगडतं पण यूट्यूब देतं व्हीपी९ हा दुसरा प्रकार, ते सगळं प्रोसेसरवर पडतं. फायरफॉक्समध्ये एच२६४ च मागणारं एक्स्टेंशन टाकलं, इंटेलचा जुना आय९६५ ड्रायव्हर घातला, पंखा गप्प.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, मराठी. यावर आपण लोक फार कमी लिहितो. बाबांच्या बोटांना टाईपरायटरची सवय, तिथे पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, म्हणजे 'दिवा' लिहिताना वेलांटी, द, वा. लॅपटॉपवर लावलेल्या इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) उलटं, आधी द मग वेलांटी. पहिले तीन दिवस प्रत्येक वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटत होती आणि बाबा वैतागले होते. मी म्हटलं टाईपरायटरसारखा लेआउट आयबसमध्ये (लिनक्समधला टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्राम) मिळतोय, तो लावून देऊ का? तर म्हणाले, "नको, आता शिकतोय ते शिकू दे, डावा हात स्वर आणि उजवा व्यंजनं, हे डोक्यात बसलंय." काळ्या बटणांवर देवनागरी स्टिकर लावून दिले. चौथ्या दिवशी माझ्यासमोर 'वाऱ्यावर' लिहिलं, शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, आणि र ची ती आडवी चंद्रकोर बरोबर उमटली तेव्हा मान वळवून माझ्याकडे बघितलं. टाईपरायटरवर ती नीट यायला दोनदा मागे जावं लागायचं म्हणे.

फॉन्ट: स्क्रीनवर मुक्ता, प्रिंटसाठी आयआयटी मुंबईचा शोभिका. लिब्रेऑफिस या लिहायच्या प्रोग्रामच्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा हिंदी नाही, मराठी निवडा, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. बाबांनी ते लगेच ओळखलं, मी सांगितलंही नव्हतं.

एक अडचण उरली होती. पहिल्या दोन वह्या बऱ्याच वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात करून घेतल्या होत्या, त्या फाईली उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. हे फाईल खराब झाल्यामुळे नसतं, जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट गेला की अर्थ गेला. कन्व्हर्टरमधून युनिकोड केलं, ९५ टक्के तरी सुटलं असेल, पण रफार बऱ्याच ठिकाणी एक अक्षर पुढे सरकला आणि जोडाक्षरं तुटली. ते वहीशी ताडून हातानेच दुरुस्त करतोय, रोज रात्री दोन दोन पानं, बाबा वाचतात मी बघते.

राहिलेलं: एमसाटा बॅकअपसाठी. स्क्रीन साधी टीएन आहे, बाजूने बघितलं की रंग उलटे होतात, याच रिझोल्यूशनची आयपीएस पॅनल (जिच्यात बाजूनेही रंग नीट दिसतात) कंपनीच द्यायची, ती जुन्या मशीनमधून मिळाली तर बसवीन, कोणाकडे असेल तर सांगा. पंखा आणि थर्मल पेस्ट दिवाळीनंतर, त्यासाठी बरंच उघडावं लागतं आणि बाबा तेवढे दिवस मशीन सोडायला तयार नाहीत.

बाबा पहाटे साडेचारला उठतात. ट्यूबलाईट लावली तर आईची झोप मोडते म्हणून एफएन आणि स्पेस दाबून स्क्रीनच्या वरचा तो छोटा दिवा लावतात, बटणांपुरता उजेड पडतो, शेजारी वही उघडी, तिच्यावर चष्म्याची डबी ठेवलेली म्हणजे पान उलटू नये. काल तिसरी वही संपली. २१४ ओव्या झाल्यात.