आमची वाटचाल: झाडावर पिकलेलं ड्रॅगन फ्रूट नागपूरकरांच्या हाती

नागपुरात ड्रॅगन फ्रूट चालत नाही, असं आम्हाला सुरुवातीला कॉटन मार्केटच्या फळवाल्यांनी बजावलं होतं. ‘भाऊ, दिसायला झकास, पण चवीला नुसतं पाणी!’ तक्रार खरी होती. संत्र्याच्या गावात फिकं फळ दुसऱ्यांदा कोण घेणार? पण दोष फळाचा नव्हता, तोडणीचा होता. आंबा, केळी, चिकू तोडल्यावरही पिकतात. ड्रॅगन फ्रूट पिकत नाही. तोडताना जेवढी साखर भरलेली असेल, तेवढीच शेवटपर्यंत. लांबून येणारं फळ वाटेत टिकावं म्हणून लवकर तोडतात आणि तिथेच चव जाते. झाडावर पूर्ण भरलेलं फळ तोडायचं आणि ताजं असतानाच गिऱ्हाइकाला द्यायचं, एवढ्या एका गोष्टीवर आमची छोटी फर्म उभी आहे.

कळमेश्वरकडची आमची बरड जमीन कपाशीला कधी फारशी मानवली नाही. बारामतीजवळच्या माळेगावात राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खडकाळ माळावर हे पीक घेऊन दाखवलं आहे. ते पाहून आम्ही सिमेंटचे खांब रोवले, वर रिंगा बसवल्या आणि खांबागणिक चार कलमं लावली.

निवडुंग आहे, म्हणजे ऊन सोसेलच, असं बहुतेकांना वाटतं. पण हा मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारा, त्यांच्या सावलीत वाढणारा वेल. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी तो व्हिएतनामला नेला आणि तिथे त्याचं मोठं पीक झालं. तिथलं दमट हवामान वेगळं आणि आपला नवतपा वेगळा. पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा पश्चिमेकडच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात. म्हणून एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत शेडनेट, आणि पाणी ठिबकनेच, थोडं थोडं. पावसाळ्यात काळजी उलटी: पाणी साचलं की मुळं आणि खोड सडतं. उंच गादीवाफे नसतील तर काळ्या कसदार जमिनीत हे पीक घेऊ नका, असं आम्ही कलमं न्यायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. त्यापायी विक्री गेली तरी चालेल.

जूनपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत कळ्यांचे बहर येत राहतात. फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटतं. मायदेशी वटवाघळं आणि पतंग परागीभवन करतात. लाल गराच्या काही जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून आमच्या वहिनी आणि गावातल्या बाया रात्री बॅटरी घेऊन ब्रशने पराग लावत फिरतात. या धंद्यातलं सगळ्यात कौशल्याचं काम हेच, आणि त्याची मजुरी आम्ही तोडणीपेक्षा जास्त देतो. पुढे महिनाभरात फळ तयार होतं. साल गुलाबी झाली की घाई करायची नाही. त्यानंतरही काही दिवस गोडी वाढत असते. मात्र फार थांबलं आणि जोराचा पाऊस आला तर फळ तडकतं. हा नेम सरावानेच साधतो.

डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडे रांग लागते. प्लेटलेट वाढतात या दाव्याला ठोस आधार नाही, म्हणून तसा फलक आम्ही लावत नाही. फळात बहुतांश पाणी, बऱ्यापैकी तंतू, थोडं क जीवनसत्त्व आणि लाल गरात बीटासारखी रंगद्रव्यं असतात. लाल फळ खाल्ल्यावर लघवी गुलाबी झाली तर घाबरू नका, हे मात्र प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो.

छोटी, डागाळलेली पण गोड फळं आम्ही गर काढून गोठवतो. धरमपेठेतल्या एका केटरर काकूंनी त्या गराचं श्रीखंड केलं आणि लग्नसराईत ती ऑर्डर वाढतच गेली. गर उकळू नका, आच लागली की रंग उडतो. चक्का साखर घालून फेटून झाला की शेवटी गर मिसळा, वर लिंबाचे दोन थेंब. काळं मीठ आणि जिरेपूड भुरभुरून नुसत्या फोडीही छान लागतात. पांढऱ्या गराच्या फळाला तर थोड्या मिठाने उठाव येतो.

यंदापासून क्रेटवर तोडणीची तारीख लिहून देतो. कॉटन मार्केटचे तेच फळवाले आता आधी तारीख बघतात, मग भाव विचारतात.