कारो-कानची तिसरी खेळी आणि गेलेले आठ महिने

बुद्धिबळातल्या ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीला ठरवून ठेवलेल्या खेळ्यांची, सगळी घडी बसवायला मला जवळपास वर्ष लागलं. त्यातले आठ महिने एकाच ठिकाणी गेले: काळ्यांनी कारो-कान, म्हणजे ई४ ला सी६ नं उत्तर, आणि पांढऱ्याची तिसरी खेळी ई५ (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, अंक म्हणजे आडवी; मोहऱ्याचं नाव नसेल तर खेळी प्याद्याची). बाकीचं पंधरा-वीस दिवसांत ठरलं आणि आजही तेच खेळतो. पांढऱ्यांनी ई४. समोरून ई५ आलं तर संथ इटालियन, म्हणजे उंट सी४, मग सी३ आणि डी३. सिसिलियनला (ई४ ला सी५) २. सी३, फ्रेंचला (ई४ ला ई६) ३. ई५. काळ्यांनी डी४ समोर आलं तर क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे सी४ चं प्यादं न घेता डी५ धरून ठेवायचं.

अडलं ते इथे. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५. मी ज्या क्लासची छापील फाइल घेतली होती तिच्यात ३...उंट एफ५ (तीन टिंबं म्हणजे खेळी काळ्याची), मग ४. घोडा एफ३ ई६ ५. उंट ई२ ही नायजेल शॉर्ट या इंग्लिश ग्रँडमास्टरच्या नावाची लाइन (खेळ्यांची ठरलेली साखळी) पंधराव्या खेळीपर्यंत दिलेली. आणि ४. एच४ साठी? एक ओळ. "काळ्याने अचूक खेळावे." त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही. परभणी, नांदेड, लातूर, जालना, कुठल्याही रविवारच्या रॅपिडला, म्हणजे कमी वेळेच्या स्पर्धेला, जा. समोर दहा-बारा वर्षांची लेकरं बसतात आणि शॉर्टची लाइन त्यातलं क्वचितच कुणी खेळतं. ती बेधडक एच४, जी४ ढकलतात. जे रोज पटावर येतं त्याला एक ओळ आणि जे वर्षातून दोनदा येतं त्याला चार पानं, अशी फाइल पैसे घेऊन विकू नये.

त्या एका ओळीत काय दडलंय ते नीट मांडतो. ४. एच४ नंतर हात सवयीनं ई६ कडे जातो, कारण कारो-कानमध्ये उंट बाहेर काढला की ई६ करायचं हेच आपण शिकलेलो असतो. इथे ती घोडचूक आहे. ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५, संपलं. उंटाला एफ५ वर जी४ चं प्यादं मारतं, ई४ वर एफ प्यादं मारतं, मागे एच७ वर आपलंच प्यादं. फार तर सी२ चं प्यादं खाऊन तो वजिराच्या हाती मरतो. एका प्याद्यात उंट गेला, सातव्या खेळीला.

म्हणून चौथ्या खेळीला एच प्यादं हलवायचं मी ठरवलं, फक्त कुठे हा प्रश्न. मी आधी एच६ घेतलं. ५. जी४ ला उंट डी७ वर परत न्यावा लागतो, म्हणजे ज्या उंटासाठी कारो-कान खेळायचं तोच पुन्हा घरात. एच७ वर ठेवायचा मोह होतो, पण मग ६. ई६ असा बळी येतो: एफ×ई६ (× म्हणजे मारणं) नंतर उंट डी३, आपला राजाकडचा भाग जाम, ई६ चं प्यादं आपल्याच वाटेत. इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम, म्हणतं काळा टिकतो. टिकत असेल, पण २५ मिनिटांच्या डावात ते टिकवणं माझ्याच्यानं झालं नाही.

मग एच५. जी४ थांबतं, पण जी५ चं घर कायमचं पांढऱ्याचं होतं, कारण तिथून हाकलायला आता एच प्यादंही नाही. पांढरा उंट जी५ वर येऊन बसतो, एच५ चं प्यादं सांभाळत बसावं लागतं आणि राजाकडे कॅसलिंग (राजा हत्तीच्या आडोशाला नेणं) करायची भीती वाटते. एच५ वाईट नाही. मोठे खेळाडू तेच खेळतात. पण त्यात पुढे ५. सी४ वेगळं, ५. उंट डी३ वेगळं, ५. उंट जी५ वेगळं, आणि प्रत्येकात पाच-सहा खेळ्या डोक्यात असाव्याच लागतात. कामधंदा सांभाळून खेळणाऱ्यानं एवढं पाठांतर एका उपशाखेसाठी का करावं, हा माझा प्रश्न होता. एच६, एच५, पुन्हा एच६ असं करत आठ महिने गेले.

सुटका झाली ३...सी५ नं. १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या परतीच्या लढतीत ताल ई५ ढकलत होता तेव्हा बोटविनिकनं हेही वापरलं होतं. सी प्यादं सी६ मग सी५ असं दोनदा हलतं, म्हणून फ्रेंचच्या तुलनेत एक खेळी वाया जाते. फायदा असा की सी८ चा उंट अजून कोंडलेला नाही, आणि एच४-जी४ ला धडकायला समोर उंटच नाही. पांढऱ्यानं ४. सी३ केलं तर घोडा सी६, ५. घोडा एफ३ उंट जी४: हे उंट बाहेर असलेलं फ्रेंच झालं, याहून चांगलं काय पाहिजे.

खरी परीक्षा ४. डी×सी५ ची. मी ४...ई६ खेळतो. लेकरं प्यादं धरून ठेवायला ५. बी४ करतात. तिथे घाई नको: ५...ए५ ६. सी३ ए×बी४ ७. सी×बी४ बी६, आणि साखळी तुटते. ८. सी×बी६ केलं तर उंट×बी४ शहसकट. ५. उंट ई३ आलं तर घोडा एच६, पुढच्या खेळीला एफ५ वर जाऊन त्याच उंटाला डिवचायचं. पांढऱ्यानं एच६ वर मारलं तर आपली दोन प्यादी एच ओळीत एकामागे एक येतात, पण दोन उंट आपल्याकडे राहतात आणि सी५ चा राखणदारही जातो. ५. घोडा एफ३ ला सरळ उंट×सी५.

हे पटलं त्याचं आणखी एक कारण. फ्रेंचविरुद्ध पांढऱ्यांनी मी हीच ई५ ची रचना खेळतो. ई५ चं प्यादं कसं टिकवायचं हे एका बाजूनं कळलं की ते कसं पाडायचं हे दुसऱ्या बाजूनं आपोआप कळतं. ओपनिंग निवडताना हे आधी बघा: पांढऱ्याची आणि काळ्याची एखादी तरी प्याद्यांची रचना सामाईक असावी. तिथेच एक जपायचं. १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ सी×डी४ ७. सी×डी४ नंतर काळ्यानं लगेच डी४ चं प्यादं खाल्लं, घोड्याला घोडा मारला गेला आणि वजीर डी४ वर आला, की उंट बी५ शह देऊन वजीर मिळतो. तुम्ही काळ्यांनी असाल तर आधी उंट डी७.

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर स्टडी (खेळ्यांची वही) बनवताना एका लाइनला एक धडा ठेवा. एका स्टडीत ६४ धडे मावतात, तेवढे पुरून उरतात. कुठली खेळी किती वेळा खेळली गेली ते दाखवणाऱ्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर्सचा डेटाबेस सोडून लिचेसचा घ्या आणि रेटिंग आपल्या पातळीचं निवडा. हे मी आठ महिन्यांनी केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आणि प्रत्येक खेळीसमोर "का" ते मराठीत एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल तर ती लाइन घेऊ नका. बाकी पाठांतर लातूर पॅटर्नसारखंच: तोच पेपर पुन्हा पुन्हा सोडवायचा, उत्तर झाकून.

एक राहिलंच. कारो-कानमध्ये पांढऱ्यानं डी४ न करता दोन्ही घोडे काढले, म्हणजे २. घोडा सी३ डी५ ३. घोडा एफ३ डी×ई४ ४. घोडा×ई४, तर उंट एफ५ करू नका. ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६ ७. घोडा ई५ उंट एच७ ८. वजीर एच५ जी६ ९. उंट सी४. इथे वजीर फुकट दिसतो, पण मारला की उंट×एफ७ मात. डी४ ची खेळी वाचल्यामुळे घोडा आधीच एफ३ वर असतो आणि काळ्यानं घोडा डी७ वर आणायच्या आत ई५ गाठतो, सगळा फरक तेवढाच. चौथ्या खेळीला घोडा एफ६ करा.